ईवारी मात्ताच्या हातातली बंदूक

बस पोरी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटपटतो. इथं बाकावर बस, कॉफी घे, तो वेलचीचा पाव घे, आणि कॅमेरा जरा बाजूला ठेव. तुला एका भांडणाची गोष्ट सांगतो. ह्याच हॉलमध्ये झालेलं भांडण, आणि तेही फोटोतल्या बंदुकीवरून. खरी बंदूक कुणाच्या हाताशी असती ना, तर त्या दिवशी इथं मुडदा पडला असता. मी आपला लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रकवाला, शाळेत कधी रमलो नाही, त्यामुळे पुस्तकातल्यासारखं सांगता यायचं नाही मला. पण मी होतो इथं, ह्याच बाकावर, आणि मध्ये दोनदा तोंड पण घातलं होतं.

ताउनो युंतुनेनला तू काल भेटलीस. उंच, कान मोठे, तोंड कायम लिंबू चोखल्यासारखं. सीमेवरच्या शिपायांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. लेह्टोवारा गावात आम्ही ठरवलं, की युद्धातल्या आपल्या माणसांचे फोटो ह्या लांब भिंतीवर लावायचे, तेव्हा हे काम त्याच्याकडे आपोआपच गेलं. घरोघरच्या डब्यांतनं, बायबलांतनं फोटो निघाले. प्रत्येक फोटोखाली पट्टी लावायची. नाव काय, फोटो केव्हाचा आणि हातात कुठलं हत्यार आहे. आपलं, का रशियनांकडून घेतलेलं.

मार्च महिना होता, बाहेर गुडघाभर बर्फ. ताउनो त्या खिडकीखाली टेबल मांडून बसला, डोळ्याला भिंग लावून. लोक रांगेनं येत होते आणि तो एकेकाची इज्जत काढत होता.

मोइलानेनांची सून आली. म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी ही रायफल रशियनाच्या हातातनं हिसकावली होती बरं का."

"आपल्याच कोठारातनं हिसकावली असेल," ताउनो म्हणाला. "नळीवरची ही पुढची लोखंडी पट्टी बघ, बिजागरीची आहे. ही आपण बसवलेली."

"पण दिसते तर अगदी रशियन!"

"दिसणारच. दोन्ही एकाच आईच्या लेकी. आपण रशियन रायफल घेतली, नळी बदलली, लाकूड बदललं, झाली आपली. तुझा सासरा बहाद्दर असेल, त्याबद्दल मी काही बोलत नाही. मी रायफलीबद्दल बोलतोय. पुढचा कोण?"

ती बाई नाक मुरडून गेली. मग कुणीतरी गोळ्यांचं मोठं ढोलासारखं मॅगझिन असलेली रशियन मशीनगन मांडीवर घेतलेल्या मामाचा फोटो आणला. मामानं एकट्यानं ती पळवून आणली म्हणे. ताउनोनं भिंग खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बघा, एकदाच सांगतो. समोरच्याकडनं नवं हत्यार हाताला लागलं, की अख्खी तुकडी ते आळीपाळीनं धरून फोटो काढून घ्यायची आणि घरी धाडायची. आणलेलं एकानं, मिरवायचे सगळे. तेव्हा बंदूक हातात आहे म्हणजे तुमच्या मामानं ती जिंकली असं होत नाही. एवढंच होतं, की ती तिथं होती तेव्हा मामा पण तिथं होता."

"म्हणजे काय, मामा खोटं बोलला?"

"मामा तुमचा. तुम्हाला माहीत."

लोक हसले. तोवर सगळं असंच चाललं होतं, कुरकुर आणि हशा. भिंतीच्या मधोमध ताउनोनं आधीच आपल्या बापाचा फोटो लावला होता. आर्ने युंतुनेन. पानांच्या झोपडीसमोर उभा, टोपी मागं सारलेली, छातीवर आडवी छोटी रशियन मशीनगन. खाली पट्टी, ताउनोनंच टाइप केलेली: 'शत्रूकडून घेतलेली बंदूक. जुलै १९४४.' त्याच महिन्यात आर्ने पडला. ताउनो तेव्हा आईच्या परकराला धरून चालणारं पोर. देहसुद्धा आला नाही. आमच्याकडे पडलेल्या माणसाला घरी आणून चर्चच्या अंगणात पुरतात, पण आर्नेच्या दगडाखाली कुणी नाही.

मग दार उघडलं आणि तैमी मात्ता आत आली.

आता तुला तैमीचं सांगायला हवं, नाहीतर तो हॉल का गप्प झाला ते कळायचं नाही. तिचा बाप ईवारी, आर्नेच्याच तुकडीतला. त्या जूनमध्ये रशियनांनी तोफांचा असा काही मारा केला, की माणसं मोर्चा सोडून जंगलात पळाली. खूप पळाली. त्यांना नाव पडलं बोंडपलटण. पाइनच्या झाडाखाली बोंडं गोळा करत बसलेली पलटण म्हणे. ईवारी त्यातला. गावात सगळे धरून चालले होते, की तो पळाला तो पळालाच, तह होईपर्यंत जंगलात लपला आणि मग शेपूट घालून घरी आला. त्याच्याशी कुणी लाकूड कापायला जोडी लावेना. शाळेत फेर धरताना तैमीचा हात कुणी धरायचं नाही, मास्तरीण ओरडली तरी बाहीचं टोक धरायचे. ईवारी ओंडके नदीतनं वाहून नेताना बुडाला, तेव्हा शवपेटी उचलायला तुकडीतला एकही आला नाही. थोरला भाऊ कंटाळून स्वीडनला गेला. तैमी राहिली. इथंच लग्न केलं, इथंच विधवा झाली, आणि मान कधी खाली घातली नाही. म्हणूनही लोक चिडायचे तिच्यावर.

ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ टेबलाशी गेली, पर्समधनं रुमालात गुंडाळलेला फोटो काढला आणि ताउनोपुढं ठेवला.

"लाव," म्हणाली.

ताउनोनं फोटोकडे पाहिलं, हात लावला नाही. "कोण हा?"

"तुला माहीत आहे कोण ते."

"ही भिंत लढलेल्यांची आहे, तैमी."

"म्हणूनच आणलाय."

मागनं कुणीतरी म्हणालं, "बोंडं कुठं दिसत नाहीत फोटोत." कोण ते मी सांगणार नाही, तो अजून जिवंत आहे आणि माझ्याकडे अंडी घेऊन येतो.

तैमी वळली पण नाही. "मी बापाबद्दल विचारायला आले नाही. बापाबद्दल तुम्ही काय म्हणता ते मी जन्मभर ऐकलंय. हातात बंदूक आहे तिचं नाव सांग. केव्हाची ते सांग. तेवढंच तुझं काम आहे ना इथं?"

मी उठून वाकून बघितलं. फोटो लहान, काडेपेटीएवढा, मध्ये घडी पडलेली. ईवारी उभा, दाढी वाढलेली, डोळे किलकिले केलेले. हातात छोटी मशीनगन, सगळी पत्र्याची, एका मुठीत मॅगझिन गच्च धरलेलं. आणि पोरी, खरं सांगतो, मला काय, तिथल्या प्रत्येक बाप्याला ती बंदूक ओळखीची वाटली. आम्ही सगळ्यांनी कंपलसरी लष्करात तीच वागवली होती. आमची चव्वेचाळीस सालची बनावट. आम्ही तिला गड्याचं नाव दिलेलं, पत्र्याचा हेइक्की म्हणायचो. एवढी हलकी, एवढी भिकार दिसायची, पण चालायची.

"हा तर आपला हेइक्की!" कुणीतरी म्हणालं.

"हेइक्कीच आहे," ताउनो म्हणाला. त्याचा आवाज एकदम गार झाला. "नाव पाहिजे होतं ना? ऐक. ही आपल्या कारखान्यात झालेली. रशियनांची बघून आपण नक्कल केली, आणि ती पोरांच्या हातात आली तेव्हा लढाई संपली होती. म्हणजे तुझ्या बापानं हा फोटो तहानंतर काढलाय. जंगलातनं बाहेर आला, कुणाची तरी बंदूक हातात घेतली आणि वीर झाला. घेऊन जा तो."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही, पण बरं वाटल्याचा एक आवाज असतो ना, खुर्च्या हलल्याचा, तो झाला.

तैमीचा चेहरा पांढरा पडला. पण ती हलली नाही. "भिंग लाव," म्हणाली.

"काय?"

"मोइलानेनच्या सासऱ्याला भिंग लावलंस. त्या खोटारड्या मामाला लावलंस. माझ्या बापाला का नाही? भिंग लावून सांग, की तहानंतरचा आहे. मी तुझ्यासमोर त्या शेगडीत टाकते फोटो. परत कधी ह्या दारात येणार नाही."

"मला भिंगाची गरज नाही. ही बंदूक मी झोपेत खोलून जोडतो."

"मग जागा हो."

तेव्हा मी तोंड घातलं. "अरे ताउनो, बघ ना भिंगातनं. तुझं काय जातंय?"

"तू गप रे ओइवा. तू ओंडके मोज."

"मोजतो. पण तूही मोज."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी बसलोच. पण भिंग उचललं. रागानं उचललं, जणू तैमीच्या तोंडावर फेकणार होता. वाकला. बघायला लागला. आम्ही वाट बघत होतो, की आता मान वर करेल आणि आणखी काहीतरी विषारी बोलेल.

मान वर येईना.

फोटो त्यानं खिडकीकडे नेला, तिरका धरला, परत भिंग लावलं. मग उठला, काही न बोलता भिंतीपाशी गेला आणि खिळ्यावरनं आपल्या बापाचा फोटो काढला. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे भिंग नेऊ लागला. त्याचे ते मोठे कान लाल झाले होते.

"काय?" तैमी म्हणाली.

"वाकडं आहे," ताउनो पुटपुटला.

"काय वाकडं? मोठ्यानं बोल. मघाशी मोठ्यानं बोलत होतास."

"मॅगझिन!" तो ओरडला. "मॅगझिन वाकडं आहे! मुठीच्या खालनं टोक दिसतंय, पुढं वळलेलं. आपल्या हेइक्कीचं सरळ असतं, पट्टीसारखं. झालं समाधान? ही नक्कल नाही. ही अस्सल आहे, रशियन."

आता सगळे टेबलाभोवती. मी पण. आणि एकदा सांगितल्यावर दिसलं की गं. मुठीतनं बाहेर आलेलं ते एवढंसं टोक. आम्ही सगळ्यांनी ती बंदूक खांद्याला लावून महिनेच्या महिने काढलेले, म्हणूनच कुणी नीट बघितली नव्हती. आपलीच म्हणून मोकळे झालो होतो.

"आणि हा पट्टा," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातनं. आर्नेच्या बंदुकीला चामड्याच्या पट्ट्याऐवजी दोरी होती, मधे मोठी गाठ मारलेली. ईवारीच्या बंदुकीला तीच दोरी, तीच गाठ. मागं तीच पानांची झोपडी, तीच पुढची चिरलेली काठी.

सगळे ताउनोकडे बघायला लागले. कारण ताउनोचं मघाचं भाषण सगळ्यांनी ऐकलं होतं. बंदूक तिथं होती तेव्हा तोही तिथं होता. आर्नेचा फोटो जुलैचा, जूनच्या पळापळीनंतरचा, हे ताउनोनंच टाइप करून लावलं होतं. आता तो काय करणार? ईवारीला खोटं ठरवायचं तर आपल्या बापाखालची पट्टी फाडायला हवी.

भिंग फक्त त्याच्याकडे होतं, पोरी. तो गप्प बसला असता तर आम्ही काय ओळखणार होतो? एवढं श्रेय मात्र मी त्याला देतो. माणूस कडू आहे, पण बंदुकीबद्दल खोटं बोलत नाही.

बंदुकीचं झालं, माणसाचं राहिलं होतं. ताउनो तैमीकडे वळला आणि दात चावत म्हणाला, "ह्याचा अर्थ तो पळाला नव्हता असा होत नाही."

"पळाला नव्हता असं मी कधी म्हटलं?"

"काय?"

"पळाला होता. त्यानंच सांगितलं मला. सगळ्यांबरोबर पळाला, चिखलात तोंड खुपसून पडला, भुकेनं झाडाची साल खाल्ली. आणि मग उठून परत गेला. कुणी पकडून नेलं नाही, स्वतः गेला. एवढंच माझं म्हणणं होतं. एवढंच माझ्या आईचं म्हणणं होतं. परत गेला. तुमच्यापैकी एकानंही ते ऐकून घेतलं नाही, कारण पळालेला तुम्हाला आवडत होता. सोयीचा होता."

"माझा बाप तिथं मेला," ताउनो म्हणाला. "तुझा घरी आला."

"हो, आला. आणि पहिल्यांदा कुठं गेला माहीत आहे? स्वतःच्या घरी नाही. तुमच्या घरी. तुझा बाप कसा पडला, कुठं पडला, ते सांगायला. तुझ्या आईनं कुत्रं सोडलं त्याच्यावर."

"खोटं आहे!"

"पायावर दातांचे व्रण होते त्याच्या. तो मला आंघोळ घालायला बसायचा तेव्हा रोज बघायचे."

ताउनो खाली बसला. मग कुणाकडे न बघता म्हणाला, "एक माणूस आला होता दाराशी. मला आठवतो. आई म्हणाली भिकारी आहे."

"भिकारी नव्हता."

"काय सांगणार होता तो?"

आणि बघ हं, इथं तैमी थोडी विरघळली असती तर गोष्ट गोड झाली असती. मलाही वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. कुणीतरी शहाणपणानं दोघांसाठी कॉफी आणून ठेवली. तैमीनं कप हातानं बाजूला सरकवला. आमच्या गावात कुणी दिलेली कॉफी नाकारणं म्हणजे काय, ते तुला शहरात राहून कळणार नाही. कानाखाली मारलेली परवडते.

"ते त्याला तुझ्या आईला सांगायचं होतं," ती म्हणाली. "नंतर मी कितीदा विचारलं. म्हणायचा, ते युंतुनेनांचं आहे, तुला सांगून काय उपयोग. तुझा बाप कुठं पडलाय हे ह्या गावात एकाच माणसाला माहीत होतं, ताउनो. रोज तुमच्या फाटकावरनं जायचा. तुम्ही तोंड फिरवायचात."

ताउनो उभा राहिला. मला वाटलं हात उगारतो की काय, म्हणून मी मधे गेलो. त्यानं मला ढकललं, हातोडी घेतली, आणि बापाच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकायला लागला. असा ठोकला की लाकूड फुटलं, ती चीर अजून आहे. ईवारीचा फोटो लावला. टाइपरायटर ओढला आणि पट्टी मारली: 'ईवारी मात्ता. शत्रूकडून घेतलेली बंदूक. जुलै १९४४.' आर्नेखाली जे होतं तेच, एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

"झालं?" म्हणाला.

"वाकडा लागलाय," तैमी म्हणाली.

त्यानं सरळ केला. ती पर्स उचलून निघून गेली. आभार नाही, निरोप नाही.

तू म्हणशील, मिटलं मग. काय मिटतंय! दुसऱ्याच आठवड्यात दोन घरांनी आपले फोटो काढून नेले, बोंडपलटणीशेजारी आमचा माणूस नको म्हणून. ईस्टरला कुणीतरी ईवारीच्या फोटोच्या चौकटीत पाइनचं बोंड खोचून ठेवलं. मी बघितलं त्याआधी ताउनोनं बघितलं होतं. गावाच्या भर सभेत ते बोंड टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "ज्याचं असेल त्यानं न्यावं, आणि जाताना आपला आजोबा पण भिंतीवरनं घेऊन जावा." कुणी उठलं नाही. पण त्यामुळे तैमी त्याच्याशी बोलायला लागली असं समजू नकोस. दुकानात समोरासमोर आले तर ती पिठाच्या बाजूला वळते आणि तो खिळ्यांच्या. त्यानं एकदा माझ्यामार्फत निरोप धाडून बघितला, की ईवारी कुठल्या ओढ्याचं, कुठल्या टेकडीचं नाव घ्यायचा का, आठवतं का काही. ती म्हणाली, "नाही." खरंच नाही का, ते मला विचारू नकोस. मी तिला परत विचारलं नाही.

आता तुझं काम. तू तुझ्या त्या पुस्तकासाठी आर्नेचा फोटो मागितलास म्हणे काल ताउनोकडे, आणि त्यानं तुला दार दाखवलं. रागावू नकोस त्याच्यावर. पडलेला शिपाई, चेहरा देखणा, फोटो स्वच्छ. तुला तो हवासा वाटला, बरोबर आहे. शेजारचा घडी पडलेला, दाढीवाला, तुझ्या पानावर शोभणार नाही, तेही कळतं मला. पण कॅमेरा काढशील तेव्हा एवढं कर माझं. घ्यायचे तर दोघांना एकाच पानावर घे, शेजारीशेजारी, आणि खाली त्या पट्ट्या आहेत तशाच छाप. नाहीतर कॉफी संपव, पाव खा, आणि दोघांनाही इथंच राहू दे.